महारेरा नंबर होता, बँकेचं कर्जही होतं. तरी घर बेकायदा कसं ठरलं? समजून घ्या ठाणे ते कल्याण-डोंबिवलीच्या घरांचं गणित

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेला एक आदेश दिला. महापालिका हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडा, असा तो आदेश होता.

अशा बातम्या ठाणे जिल्ह्याला नव्या नाहीत. पण या वेळी धक्का मोठा होता, कारण या इमारती रातोरात पत्रे ठोकून उभ्या राहिलेल्या नव्हत्या. प्रकल्पांना महारेरा नोंदणी क्रमांक होते. घरांचे करारनामे दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले गेले होते. अनेकांना बँका आणि गृहवित्त कंपन्यांनी कर्ज दिलं होतं. सामान्य माणूस ज्या तीन गोष्टी बघून "चला, घर अधिकृत आहे" म्हणतो, त्या तिन्ही इथे होत्या. तरीही हजारो कुटुंबांवर घर सोडण्याची वेळ आली आणि हप्ता मात्र दर महिन्याला कापला जात राहिला.

हे कसं घडलं? ठाण्यापलीकडे घर घेणाऱ्या माणसासमोर आज नेमके कोणते प्रश्न आहेत? आणि स्वस्त घराची खरी किंमत किती?

६५ इमारतींचं प्रकरण काय आहे?

इमारत बांधायला सुरुवात करण्यापूर्वी महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र लागतं. यालाच बोलीभाषेत सीसी म्हणतात. महारेराकडे प्रकल्प नोंदवताना विकासक हे प्रमाणपत्र अपलोड करतो.

या ६५ प्रकल्पांत अपलोड झालेली प्रमाणपत्रं बनावट होती. महापालिकेचे शिक्के, अधिकाऱ्यांच्या सह्या, जावक क्रमांक, सगळं खोटं. महापालिकेने अशा परवानग्या दिलेल्याच नव्हत्या. पण त्या काळात विकासकाने दिलेला कागद आणि महापालिकेचं दप्तर यांची थेट पडताळणी होत नव्हती. त्यामुळे महारेराचा क्रमांक मिळाला. क्रमांक पाहून बँकेने कर्ज दिलं. कर्ज मिळतंय म्हटल्यावर ग्राहकाने विश्वास ठेवला. प्रत्येकाने आपल्या आधीच्या टेबलावर तपासणी झाली असेल असं गृहीत धरलं.

एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारातून ही कागदपत्रं काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. २०२२ मध्ये डोंबिवलीत मानपाडा आणि रामनगर पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं. ईडीनेही चौकशी सुरू केली. महारेराने नोंदणी रद्द करण्याची कारवाई केली.

पाडकामाची मुदत संपत आली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी फसवणूक झालेल्या रहिवाशांना दिलासा देण्याचा प्रयत्न करू, असं आश्वासन दिलं. काही सोसायट्यांनी पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावलं. पण "नियमित करू" हे बोलायला सोपं असलं तरी करायला अवघड आहे. यातल्या काही इमारती सरकारी किंवा आरक्षित जमिनीवर आहेत. तिथे दंड भरून सुटका होत नाही.

याच पट्ट्यात जून २०२५ मध्ये आणखी एक आदेश आला. ठाणे महापालिका हद्दीतल्या शीळ भागातल्या १७ बेकायदा इमारती पाडण्यास उच्च न्यायालयाने सांगितलं. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तिथेही दिलासा मिळाला नाही.

सीसी, ओसी, सातबारा: कोणता कागद काय सांगतो?

गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडक्यात.

- सातबारा किंवा मिळकत पत्रिका: जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाचा बोजा आहे, हे कळतं. इमारत कायदेशीर आहे का, हे त्यावरून कळत नाही.
- बिगरशेती परवानगी: शेतजमीन घरबांधणीसाठी वापरण्याची मुभा.
- सीसी: मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम सुरू करण्याची परवानगी. ती किती मजल्यांपर्यंत आहे, हे त्यातच लिहिलेलं असतं. सात मजल्यांची सीसी घेऊन नऊ मजले चढवले, तर वरचे दोन बेकायदा.
- ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र: इमारत नकाशाप्रमाणे पूर्ण झाली असून राहण्यायोग्य आहे, असं महापालिकेने लेखी सांगणं.
- महारेरा क्रमांक: प्रकल्प नोंदलेला आहे, एवढंच. त्याच्या दर्जाची ती हमी नाही.
- मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल: इमारत अधिकृत असल्याचा पुरावा अजिबात नाही. महापालिका बेकायदा बांधकामांवरही कर लावते, शिवाय शास्ती म्हणून दुप्पट वसुलीची तरतूद कायद्यातच आहे.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कल्याण ग्रामीणमध्ये आजही "घरपट्टी लागलीये, मीटर आलाय, काही टेन्शन नाही" असं सांगून खोल्या विकल्या जातात.

लोक इथे आले कसे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी रुळ कल्याणला पोहोचले. कल्याण हे जुनं बंदर आणि बाजारपेठ, तर डोंबिवली बराच काळ गावठाण, भातशेती आणि खाडीकाठ. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसा गिरगाव, दादर, परळ, लालबागचा मराठी मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग रेल्वेच्या रुळांवरून पुढे सरकत गेला. आधी ठाणे, मग डोंबिवली, कल्याण, पुढे अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. १९८२च्या गिरणी संपानंतर हा ओघ आणखी वाढला.

आकडे बघा. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी १० लाखांवर गेली. दहा वर्षांत ३६ टक्के वाढ. तेव्हा ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ मध्ये ठाणे शहरात १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. त्यानंतर जनगणना झालेली नाही. म्हणजे पाणी किती लागेल, शाळा किती हव्यात, लोकल किती हव्यात, याचा हिशोब अनेकदा पंधरा वर्षं जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधून केला जातो. दरम्यान शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले.

२७ गावं: कधी महापालिकेत, कधी बाहेर

बेकायदा बांधकामांचा प्रश्न समजून घ्यायचा तर या गावांचा इतिहास पाहावाच लागतो. निळजे, काटई, घेसर, कोळे, हेदुटणे, भोपर, संदप, उसरघर, पिसवली, गोळवली, आडिवली-ढोकळी, सोनारपाडा, सागाव ही त्यातली काही नावं. मूळ वस्ती मुख्यतः आगरी समाजाची. भातशेती, वीटभट्ट्या, खाडीतली मासेमारी हे जुने उद्योग.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली, तेव्हा ही गावं तिच्यात होती. कर द्यायचा, पण रस्ते-पाणी मिळत नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. आंदोलनं झाली आणि २००२ मध्ये गावं बाहेर पडली. १ जून २०१५ रोजी ती पुन्हा महापालिकेत आली. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने त्यातली १८ गावं वगळून वेगळी नगरपरिषद करायचं ठरवलं. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

या आत-बाहेरच्या खेळात जमिनीवर काय झालं? २००२ नंतर कारभार ग्रामपंचायतींकडे, नियोजन एमएमआरडीएकडे, महसुली दप्तर तहसील कार्यालयात, अशी विभागणी होती. बहुमजली इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नव्हता. तरी ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून चाळी आणि चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. कारवाई कोणी करायची यावर यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या.

अर्थात, बेकायदा बांधकामं फक्त गावांतच झाली असं नाही. उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती अग्यार समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात कल्याण-डोंबिवलीत ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामं असल्याची नोंद होती.

याला आणखी एक पदर आहे. भूमिपुत्रांचं म्हणणं असं, की आमच्या जमिनी एमआयडीसी, रेल्वे, महामार्ग, वाहिन्या यांसाठी गेल्या. कुटुंबं वाढली, पण गावठाणाची हद्द वाढली नाही. मग स्वतःच्या जागेवर बांधलेलं घरही कागदावर अनधिकृत ठरतं. हे म्हणणं खोटं नाही. पण गरजेपोटी बांधलेलं घर आणि विकण्यासाठी बांधलेली सात मजली इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच्या आडोशाने दुसरी उभी राहते.

कारखान्यांच्या जागी टॉवर

दुसरीकडे, अगदी कायदेशीर मार्गानेही या पट्ट्याचा चेहरा बदलला. ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६० च्या दशकात सुरू झालेली एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. पोखरण रोड, घोडबंदर रोड, कोलशेत इथे मोठे कारखाने होते. एकेक करून ते बंद झाले आणि जमिनी घरबांधणीकडे वळल्या. रेमंडच्या ठाण्यातल्या जागेवर आज रेमंडचेच निवासी टॉवर आहेत. शीळ रस्त्यावर जिथे प्रीमियरच्या गाड्या बनत, तिथे मोठा गृहप्रकल्प आहे. मोहोन्यात एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. तिथे जमिनीचं पुढे काय होणार यापेक्षा कामगारांची थकीत देणी कधी मिळणार, हा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत राहिला.

मोठ्या टाउनशिप हा या बदलाचा पुढचा टप्पा. निळजे परिसरातलं लोढा समूहाचं पलावा हे त्याचं सर्वात ठळक उदाहरण. कंपनीच्या म्हणण्यानुसार हा प्रकल्प सुमारे साडेचार हजार एकरांवर नियोजित आहे. एकात्मिक नगर वसाहत धोरणानुसार अशा प्रकल्पांत अंतर्गत रस्ते, पाण्याची व्यवस्था, सांडपाणी, कचरा ही जबाबदारी विकासकाची असते. त्या बदल्यात रहिवाशांना मालमत्ता करात ६६ टक्के सवलतीची तरतूद आहे. ही सवलत प्रत्यक्षात मिळवण्यासाठी रहिवाशांना पाठपुरावा करावा लागला. एकीकडे महापालिकेचा कर, दुसरीकडे देखभाल शुल्क, असा दुहेरी भार हा टाउनशिपमधल्या चर्चांचा कायमचा विषय असतो.

आणि गेटच्या आत कितीही चकाचक असलं, तरी गेटच्या बाहेर सगळ्यांचा रस्ता एकच. दिवा-पनवेल रेल्वेमार्गावरचा पलावा पूल अनेक वर्षं रखडला. ४ जुलै २०२५ रोजी तो सुरू झाला आणि काही तासांतच पुन्हा बंद करावा लागला, कारण रस्ता निसरडा झाला होता.

४५ लाखांची रेषा

जाहिरातीतली किंमत आणि खिशातून जाणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. मुंबई महानगर प्रदेशात घराची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट असेल, तर तो १ टक्का. दोन्हींपैकी एक जरी अट मोडली तर ५ टक्के. ओसी मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही.

ठाणे शहरात मुद्रांक शुल्क सर्व उपकर धरून ७ टक्के आहे. घर महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. ३० लाखांवरच्या घराला नोंदणी शुल्क ३० हजार रुपये.

आता हिशोब करा. पुरुष खरेदीदार, छोटं घर, बांधकाम सुरू.

- ४५ लाखांचं घर: मुद्रांक शुल्क ३ लाख १५ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी ४५ हजार. एकूण ३ लाख ९० हजार.
- ४६ लाखांचं घर: मुद्रांक शुल्क ३ लाख २२ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी २ लाख ३० हजार. एकूण ५ लाख ८२ हजार.

किंमत एका लाखाने वाढली, पण वरचा खर्च जवळपास दोन लाखांनी. म्हणूनच या पट्ट्यातल्या जाहिरातींमध्ये "४४.९९ लाख" सारखे आकडे एवढे दिसतात. त्यात पार्किंग, क्लबहाऊस, दोन वर्षांची आगाऊ देखभाल धरली आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि हप्ता? ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. महिन्याला सुमारे ३४,७०० रुपये. २० वर्षांत परतफेड होते ८३ लाखांहून अधिक. यात देखभाल, रिक्षा, पास आणि टँकर धरलेला नाही.

पाणी येतं कुठून?

ठाणे जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो. उल्हास, काळू, भातसा या नद्या आहेत. तरी उन्हाळा आला की घोडबंदर रोड, दिवा, डोंबिवली पूर्वेकडचा ग्रामीण पट्टा इथे टँकरच्या रांगा लागतात.

कल्याण-डोंबिवली महापालिका उल्हास नदीतून पाणी उचलते. २७ गावांचा पुरवठा बराचसा एमआयडीसीवर अवलंबून आहे. एमआयडीसीचा मुख्य आधार म्हणजे बदलापूरजवळचं बारवी धरण. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवून साठवण क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत नेली. पण तेच पाणी अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे, मिरा-भाईंदर, नवी मुंबई आणि कारखाने या सगळ्यांत वाटलं जातं. २७ गावांसाठी अमृत योजनेतून जलकुंभ आणि जलवाहिन्यांचं काम हाती घेतलं गेलं, तेही रखडलं.

ठाण्यात हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. पाणी पुरत नसताना नव्या इमारतींना परवानग्या का, या मुद्द्यावर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या बांधकामांवर काही काळ निर्बंध घातले होते.

मग नवं धरण बांधा, असं म्हणणं सोपं आहे. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या धरणाचा प्रस्ताव त्यासाठीच आहे. त्यात आदिवासी आणि शेतकऱ्यांची गावं, जंगल बुडणार म्हणून विरोध झाला आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. विसाव्या मजल्यावरच्या नळाचं दुसरं टोक अशा गावांत असतं.

कचरा, रसायन आणि दवाखाना

कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीवर वर्षानुवर्षं प्रक्रिया न करता कचरा टाकला गेला. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने थेट कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. कचऱ्याची व्यवस्था करा, मग घरं बांधा, असा त्याचा सरळ अर्थ. ही बंदी साधारण वर्षभर राहिली. आधारवाडीत कचरा टाकणं बंद व्हायला २०२१ उजाडलं.

डोंबिवलीकरांना दुसरी धास्ती एमआयडीसीची. कारखाने १९६०च्या दशकात आले, तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती. नंतर घरं कुंपणाला येऊन भिडली. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये रसायनामुळे रस्ता गुलाबी झाला आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले. सोशल मीडियावर दोन्हींवर भरपूर मीम्स झाले.

पण स्फोटांवर हसण्यासारखं काही नव्हतं. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात १२ जणांचा मृत्यू झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये मोठा धमाका झाला, त्यात दहाहून अधिक कामगारांचा जीव गेला आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. प्रत्येक स्फोटानंतर धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. कारखाने हलवायचे तर तिथल्या कामगारांच्या रोजगाराचं काय, हा प्रश्न उरतो. आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय उभं राहणार, याचं उत्तर गेल्या वीस वर्षांच्या अनुभवावरून कोणीही देऊ शकेल.

आरोग्याचं चित्रही असंच. महापालिकेची मोठी रुग्णालयं दोन: कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर. गंभीर रुग्ण आला की बहुतेकदा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा थेट मुंबईला पाठवतात. कळव्याच्या ५०० खाटांच्या त्या रुग्णालयावर सगळ्या जिल्ह्याचा भार पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एका दिवसात १८ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा हा भार राज्यभर चर्चेत आला.

लोकल: स्वस्त घराचा रोजचा हप्ता

सीएसएमटीपासून ठाणे सुमारे ३३ किलोमीटर, कल्याण सुमारे ५३. या २० किलोमीटरमध्ये घराची किंमत उतरते आणि रोजच्या प्रवासाची किंमत चढते. नोकरी मुंबईतच असेल तर घर ते ऑफिस आणि परत, यात तीन-चार तास सहज जातात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या काही प्रमाणात वेगळ्या झाल्या. पण गर्दी कमी झाली नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांना घासले गेले आणि खाली पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. नंतर साध्या लोकललाही बंद दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली.

मेट्रोचं काय? ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रो ५ चं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. २०२५ संपेपर्यंत या मार्गावर एकही प्रवासी गाडी धावली नव्हती. शीळ रस्त्यावरून जाणाऱ्या कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं काम त्याच्याही नंतरचं. घरांच्या जाहिरातीत मात्र "मेट्रोपासून पाच मिनिटं" हे वाक्य केव्हाच पोहोचलं. पायाभूत सुविधा कागदावर आली की दर वाढतो, ती प्रत्यक्षात येईपर्यंतचा त्रास खरेदीदाराचा.

जुन्या इमारतींचं काय?

नव्या टॉवरच्या गर्दीत जुनी डोंबिवली आणि जुनं कल्याण विसरून चालणार नाही. इथल्या तीन-चार मजली इमारतींना आता चाळीस-पन्नास वर्षं झाली. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीत मातृकृपा ही धोकादायक इमारत कोसळली, ९ जणांचा मृत्यू झाला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब कोसळून सहा जण दगावले.

नोटीस मिळूनही लोक घर का सोडत नाहीत? कारण घर रिकामं केलं की ताबा जाईल, ही भीती. पागडीचा भाडेकरू असेल तर हक्काचा कागद कमकुवत. सोसायटी असेल तर अनेकदा जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसतं, म्हणजे जमीन अजून मूळ मालक किंवा बिल्डरच्या नावावर. विकासक दाद देत नसेल, तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पुनर्विकासाचं पहिलं पाऊल तेच.

ठाण्यात ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. त्यानंतर समूह विकास, म्हणजे क्लस्टर योजनेची मागणी जोरात पुढे आली. अनधिकृत इमारतींतल्या रहिवाशांनाही काही अटींवर सामावून घेणारी ही योजना. तिचं भूमिपूजन किसननगरला जून २०२३ मध्ये झालं. दुर्घटना ते भूमिपूजन, मध्ये दहा वर्षं.

घर घेण्याआधी काय तपासायचं?

- महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधून सीसी डाउनलोड करावी. तोच क्रमांक आणि तारीख महापालिकेच्या नगररचना विभागाच्या यादीत आहे का, हे पाहावं. यादीत सापडत नसेल तर माहिती अधिकारात लेखी विचारावं. ६५ इमारतींचं प्रकरण याच एका तपासणीने उघडं पडलं. आता महारेराही प्रमाणपत्राची खातरजमा थेट महापालिकेकडून करते, तरी स्वतः बघण्यात तोटा नाही.
- १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. कोड नसेल तर तिथेच थांबावं.
- प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा नोंदणी सक्तीची आहे. "आमची बिल्डिंग छोटी आहे, रेरा लागत नाही" हे ऐकल्यावर घरं मोजावीत.
- नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही.
- करारात चटई क्षेत्र लिहिलेलं हवं. सुपर बिल्टअपच्या आकड्याला अर्थ नाही.
- वकिलाकडून किमान ३० वर्षांचा मालकी हक्काचा शोध घ्यावा. सरकारी, वन किंवा आरक्षित जमीन आहे का, हे विकास आराखड्यात दिसतं.
- नोटरी केलेल्या कागदावर घर विकत घेऊ नये. नोटरीने मालकी मिळत नाही.
- ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला, तर दुरुस्ती विकासकाने स्वतःच्या खर्चाने करायची आहे.
- त्या इमारतीला पाणी कोण देतं, किती देतं, हे शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला मे महिन्यात विचारावं. विक्री कार्यालयापेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

बाजारभाव परवडत नसेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत हा एक पर्याय असतो. कल्याणजवळ शिरढोण आणि खोणी इथे तिच्या वसाहती आहेत. किंमत कमी असते, पण स्टेशनचं अंतर आणि बसची सोय बघूनच अर्ज केलेला बरा.

पुढे काय?

कल्याण ग्रामीणमधल्या दहा गावांत, सुमारे १,०८९ हेक्टरवर, एमएमआरडीएचं कल्याण विकास केंद्र प्रस्तावित आहे. लोकांना नोकरी घराजवळच मिळावी, सगळ्यांनी सकाळी मुंबईकडे धावू नये, ही त्यामागची कल्पना. ती प्रत्यक्षात आली तर लोकलवरचा ताण खरंच कमी होईल. पण जमिनीच्या मोबदल्यावरून भूमिपुत्रांच्या शंका आहेत, आणि आतापर्यंत या पट्ट्यात ऑफिसांपेक्षा घरंच जास्त वेगाने उभी राहिली आहेत.

राजकीय पातळीवर, कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षं प्रशासकाचा कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. म्हणजे बनावट प्रमाणपत्रांचा घोटाळा उघडकीला आला, गुन्हे दाखल झाले, पाडकामाचे आदेश निघाले, त्या सगळ्या काळात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहे. २७ गावांतलं पाणी, परवानग्यांची जाहीर यादी आणि त्या ६५ इमारतींतल्या कुटुंबांचं पुनर्वसन, हे तीन विषय सभागृहात किती वेळा निघतात, यावर लक्ष ठेवणं आता रहिवाशांच्या हातात आहे.